आरतीला इंजिन बंद

डिझेलच्या गाडीत बिघाड दोन तऱ्हेचे असतात. एक, जो गाडी चालताना दिसतो. त्याचं काही विशेष नाही. धूर, आवाज, वास, काहीतरी सापडतंच. दुसरा, जो गाडी बंद केल्यावर सुरू होतो. ह्या दुसऱ्याने माझी उभी हयात मजेत घालवली.

ट्रान्सपोर्ट नगरात माझं वर्कशॉप होतं. होतं म्हणायचं आपलं. अजून आहे, पण आता ते पुतण्या बघतो आणि मी खुर्ची टाकून बसतो. आमचे पूर्वज दख्खनेतून तलवार घेऊन ग्वाल्हेरला आले, मी पाना घेऊन तिथेच राहिलो. नातेवाईक बँकेत, कोर्टात, कॉलेजात गेले. लग्नकार्यात माझी ओळख करून देताना ते जरा घुटमळत आणि मग म्हणत, “हे आमचे दिनकरराव जाधव, ह्यांचं गाड्यांचं काम आहे.” जेवणं झाली की तेच हळूच मला बाहेर नेऊन आपापल्या गाडीचं बॉनेट उघडायला लावत.

तर तो दुसरा बिघाड. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवतात की तिच्यात डिझेलची फवार पडताच भडका उडतो. ती फवार पडायची तर टाकीपासून इंजिनापर्यंत नळ्या डिझेलने गच्च भरलेल्या हव्यात आणि दाब कायम हवा. विहिरीवरच्या मोटरीचं पाणी उतरलं की मोटर नुसती गरगर फिरते ना, तसंच हे. इंजिन बंद केल्यावर डिझेलने नळीत जागच्या जागी उभं राहायचं असतं. पण कुठेतरी सुईच्या टोकाएवढ्या जागेतून हवा शिरली की ते आरामात टाकीत परत जाऊन बसतं. मग चावी फिरवा, सेल्फ ओरडतो, बॅटरी रडते, इंजिन ढिम्म. आमच्या भाषेत म्हणतात, गाडी एअर घेते. गंमत अशी की जिथून हवा आत जाते तिथून डिझेल बाहेर गळतच असं नाही. म्हणजे खाली एक थेंब नाही, डाग नाही, आणि गाडी रुसलेली.

हा बिघाड माणसाला काय काय करायला लावतो! एक ड्रायव्हर होता, तो इंजिन बंदच करत नसे. आंघोळ, जेवण, झोप, सगळं इंजिनाच्या घरघरीत. सख्ख्या भावाच्या वरातीला ट्रक घेऊन गेला आणि फेरे होईपर्यंत ट्रक मांडवाबाहेर धडधडत ठेवला. मुलीकडचे लोक रागावले तर म्हणाला, “बंद कर दी तो बरात यहीं रह जाएगी, खिलाओगे तुम.” वर्कशॉपमध्ये आला तोही चालू इंजिनाने. मी चावी काढली तेव्हा असा कळवळला की जणू मी त्याचीच मान पिरगाळली.

एक लाकडाचा व्यापारी होता. त्याला कोणी सांगितलं, इंजिनाला नजर लागलीय. त्याने बॉनेटच्या आत, डिझेलच्या नळीलाच, बारीक तारेने लिंबू-मिरची बांधली. गाडी हादऱ्याने हलते, तार नळीत रुतते. नळी चिरली, हवा शिरली. गाडी सकाळी उठेना, म्हणून त्याने नजर जास्त कडक समजून शेजारी दुसरं लिंबू बांधलं. माझ्याकडे आली तेव्हा बॉनेटखाली लोणच्याची तयारी होती. नळी बदलून दिली आणि लिंबं घरी नेली. सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, ती हात पुसायलासुद्धा घेतली नाहीत.

पण सांगायची आहे ती गोष्ट रामवीरच्या ट्रकची. तिने मला नाचवलं, अगदी खरोखरीचं, भर दुपारी, लोकांसमोर.

रामवीर भिंडकडचा. मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. वर्षभर तो खदानीतून दगडाच्या फरश्या वाहतो. त्याचा जुना, साध्या पंपाचा ट्रक मीच सांभाळत आलो. आमच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळाची गणपतीची मिरवणूक त्याच्याच ट्रकवर निघते. त्या दिवसासाठी तो ट्रक धुतो, रंगवतो, गावाहून बायको आणि दोन्ही मुलींना आणून केबिनमध्ये बसवतो. एकदा मी विचारलं, दिवसभराची खेप बुडते, तुला काय मिळतं? तो म्हणाला, “उस्ताद, साल भर इस गाड़ी पे पत्थर लदत है. एक दिन फूल गिरत हैं.” 

आमच्या मंडळाचे दोन नियम आहेत. ते कोणी केले कोणाला माहीत नाही, पण मोडायची कोणाची टाप नाही. पहिला, मिरवणूक जिथे जिथे थांबेल तिथे पूर्ण आरती होणार, आणि आरतीला ट्रकचं इंजिन बंद. देवासमोर घरघर चालायची नाही. दुसरा, टाकी भरून आणायची नाही. पुढे फटाके, मागे निरांजनं, मध्ये भरलेली टाकी, हे आमचे अध्यक्ष बापूकाका ह्यांना मान्य नाही. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे मी त्यांना अनेकदा सांगून बघितलं. ते म्हणतात, “दिनू, तू मेकॅनिक आहेस, मी अध्यक्ष आहे.”

बापूकाका म्हणजे करारी माणूस. घराणं दरबारातलं, स्वतः पेन्शनर. उपरणं कडक, आवाज मऊ, आणि निर्णय एकदा झाला की झाला.

लागोपाठ दोन वर्षं काय झालं, की मिरवणूक दाना ओळ नावाच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली, आरती झाली, रामवीरने चावी फिरवली आणि गाडी उठेना. मी रेशमी कुडता घालून लेझीम बघत होतो. तसाच बॉनेटमध्ये शिरलो, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा स्क्रू ढिला केला, हाताने पंप मारला. स्क्रूतून फेस आला. म्हणजे हवा. ती काढली, गाडी उठली. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. बाड्याच्या मोठ्या चौकात पोचेपर्यंत माझा कुडता काळा आणि ओळखीच्या बायका विचारताहेत, “अहो दिनकरराव, अजून किती वेळ लागून राहिला?” शेवटी बाड्यावर लोकांनी सरळ ढकलतच ट्रक पुढे नेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या हातचं काम त्याच्याच मंडळाच्या मिरवणुकीत बसकण मारतं, त्याने तोंड कुठे लपवायचं?

आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये तोच ट्रक एका चावीत सुरू! मी वायसर बदलले, फीड पंपाचे व्हॉल्व बदलले, फिल्टरचं रबर बदललं. काचेसारखी पारदर्शक नळी लावून डिझेल वाहताना बघितलं. एक बुडबुडा नाही. इंजिन बंद करून तास तास वाट बघितली. डिझेल नळीत शहाण्यासारखं उभं. मंडळात कोणी म्हणालं, बाप्पाला जायचं नसतं म्हणून तो गाडी अडवतो. ऐकायला छान आहे, पण बाप्पा सगळ्या गाड्या सोडून माझ्याच हातच्या गाडीला का अडवील?

तिसऱ्या वर्षी गणपतीआधीच्या बैठकीत बापूकाका म्हणाले, “रामवीर भला माणूस आहे. पण मिरवणूक म्हणजे परेशानी होऊन चालायचं नाही. सिटी सेंटर भागातल्या मंडळाची मुलं सजवलेला ट्रॅक्टर वापरतात, तो आपल्यालाही मिळतोय. ह्या वर्षी ट्रक एकदा जरी अडला, तरी पुढच्या वर्षीपासून ट्रॅक्टर. ठरलं.”  

रामवीरला हे मीच सांगितलं. त्या एवढ्या दांडग्या माणसाने ट्रकच्या दारावर नुसता हात फिरवला. मग म्हणाला, “बिटियन ने नए कपड़े सिलवा लए हैं, उस्ताद.” एवढंच. मला त्या क्षणी बापूकाकांचा, ट्रॅक्टरचा, स्वतःचा, सगळ्यांचाच राग आला.

रागात माणसाला कधी कधी चांगल्या कल्पना सुचतात. मी म्हटलं, हा बिघाड मिरवणुकीतच होतो ना? मग मिरवणूकच काढू. गणपतीशिवाय.

रामवीर भल्या सकाळी ट्रक घेऊन आला. सुमनला मी घरून बोलावलं, कारण आरत्या क्रमाने तिलाच येतात. मी तिसऱ्यानंतर नुसता टाळ्या वाजवतो. ट्रान्सपोर्ट नगरच्या आवारात आम्ही थांबे ठरवले. पंक्चरच्या दुकानासमोर दाना ओळ, वजनकाट्यापाशी बाडा. ट्रक मुंगीच्या चालीने निघाला. थांबला, इंजिन बंद, आरती सुरू. रिकाम्या ट्रकसमोर मी, रामवीर आणि ताम्हन घेतलेली सुमन. रामवीरला मराठी येत नाही, पण आवाज असा की आजूबाजूचे क्लीनर चहा टाकून धावत आले. शेजारच्या टायरवाल्याने चपला काढल्या, हात जोडले आणि हळूच मला विचारलं, “उस्ताद, भगवान किधर हैं?”

“आज नाही आले,” मी म्हटलं, “आज फक्त ट्रायल आहे.”

तो भला माणूस बत्तासे घेऊन आला.

मी म्हटलं, आरती जरा आटपती घेऊ. सुमन म्हणाली, “मुळीच नाही. तिथे पूर्ण होते, तर इथे पण पूर्ण होणार. नाहीतर तुमची ट्रायल कसली?” तिचं बरोबर होतं. पूर्ण आरती झाली, रामवीर केबिनमध्ये चढला, चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू. वजनकाट्याच्या बाड्यावर आरती, पुन्हा सुरू. परतीच्या वाटेवर पुन्हा. लोक टाळ्या वाजवायला लागले. रामवीर खूश, टायरवाला खूश, आणि मी एकटा रडकुंडीला आलेला. डॉक्टरसमोर पेशंट ठणठणीत आणि घरी गेला की आडवा, ह्याच्यासारखा छळ नाही.

मी ट्रकच्या पायरीवर बसलो. सुमन ताम्हन पुसत होती. ती म्हणाली, “अहो, तुम्ही सगळं मिरवणुकीसारखं केलं, पण काकांचा हुकूम तर पाळला नाही.”

“कोणता हुकूम?”

“टाकीचा. दर वर्षी तर ओरडून सांगतात की, टाकी भरून आणायची नाही.”

मी रामवीरकडे बघितलं. “टाकी किती आहे?”

“फुल है, उस्ताद,” तो छाती काढून म्हणाला. “आपके दरवज्जे पे कभी खाली टंकी लेके आए हैं का? बाप ने सिखाई थी, मिस्त्री के घर भूखी गाड़ी नहीं ले जात.”

“आणि रोज? रोज किती असते?”

“रोज साँझ को फुल कराके ही खड़ी करत हैं. खाली टंकी में रात को ओस पानी बनत है.”

हेही त्याचं बरोबरच, रिकाम्या टाकीत रात्री दव धरून पाणी साचतं. चांगला ड्रायव्हर तसंच करतो. दिवसभर खदानीत त्याचं इंजिन चालूच असे. बंद व्हायचं ते फक्त भरल्या टाकीने. वर्षातून एकच दिवस असा की टाकी अर्धी आणि इंजिन बंद, आणि तो दिवस बापूकाकांच्या दोन नियमांनी मिळून तयार केलेला! आणि माझ्याकडे तर तो उस्तादाचा मान म्हणून गळ्यापर्यंत भरूनच येणार. दोन वर्षं त्याच्या आदराने माझे डोळे बांधले होते.

मग जी धावपळ झाली म्हणता! पिंपं आणली, टाकीतलं डिझेल उपसून अर्ध्याच्या खाली आणलं. इंजिन चालवलं, छान चाललं. बंद केलं. सुमनने ताम्हन उचललं. टायरवाल्याला आता आरतीच्या चाली पाठ झाल्या होत्या, त्याने टाळ्यांचा ताल धरला. शेवटची ओळ संपली. रामवीरने चावी फिरवली. सेल्फ फिरला, फिरला, फिरतच राहिला. इंजिन ढिम्म!

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. रामवीर केबिनमधून उडी मारून आला, त्याने मला उचललं, खाली ठेवलं आणि दोघं नाचायला लागलो. सुमन म्हणाली, “अहो, वय बघा!” आणि स्वतःही हसत सुटली. टायरवाला गोंधळून सगळ्यांना सांगत होता, “चालू होती थी तो उस्ताद रो रहे थे. अब बिगड़ गई तो नाच रहे हैं.”

पुढचं सोपं होतं. टाकीच्या वरचं झाकण खोललं. त्यात एक नळी उभी असते, बुडाशी जाऊन डिझेल ओढणारी. ती बाहेर काढली, खालचं टोक अंगठ्याने दाबलं, वरून फुंकर मारली आणि डिझेलच्या तसराळ्यात बुडवली. वरच्या जोडापासून थोडं खाली बारीक बुडबुड्यांची रांग! केसासारखी चीर. टाकी भरलेली असली की ती चीर डिझेलात बुडालेली, हवा शिरणार कुठून? टाकी अर्धी झाली की चीर उघडी. चालत्या इंजिनाला तेवढी हवा पचते, पण बंद केलं की डिझेल सगळं परत टाकीत. तोंडाला डिझेल लागलं होतं. एरवी मी थू थू करतो, त्या दिवशी गोड लागलं.

ती नळी झाळून चालली असती, पण मी नवीनच बसवली. अर्ध्या टाकीवर आणखी एक आरती झाली. गाडी चावीबरोबर उठली. सुमनचा घसा बसला.

आता पुतण्याकडे नवीन गाड्या येतात. तो त्यांना यंत्र जोडतो, पडद्यावर दाब किती, कुठे, सगळं लिहून येतं. काम झटपट होतं आणि चांगलंही होतं, ते मी नाकारत नाही. पण ट्रकसमोर आरती म्हणायची वेळ त्याच्यावर कधी येणार नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. तो म्हणतो, “काका, टेंशन मत लो, आपल्याला वेळ कुठे आहे एवढा?” बरोबर आहे. आम्हाला होता.

विसर्जनाच्या दिवशी बापूकाका स्वतः टाकीत काठी घालून बघून गेले. अर्धीच होती. दाना ओळीच्या तोंडाशी आरती झाली, इंजिन उठलं. पुढच्या थांब्यावर उठलं. प्रत्येक वेळी रामवीर केबिनमधून माझ्याकडे बघे आणि मिशीवर हात फिरवी. त्याच्या मुली नवीन कपड्यांत फुलं उधळत होत्या. माझा कुडता पांढराशुभ्र राहिला. इतका आनंद झाला होता की मी लेझीम खेळलो, आणि वाईट खेळलो.

बाड्यावर ऊन कलताना शेवटची मोठी आरती झाली.  रामवीरने चावी फिरवली. इंजिन पहिल्या फेऱ्यात धडधडलं. मी दोन्ही हात वर केले.

पण जल्लोष झालाच नाही. ट्रकच्या मागे गर्दी ताटकळत उभी होती. बाया पदर खोचून, माणसं बाह्या सरसावून, दोन वर्षांच्या सवयीने फळीला हात लावून तयार. सगळ्यांचे चेहरे पडले. एक आजी तर स्पष्ट म्हणाल्या, “हे काय, सुरू झाली? म्हणजे ह्या वर्षी हात लावायला मिळणार नाही का?” वर्षभर घरात वाती वळणाऱ्या त्या हातांना बाप्पाचा रथ ढकलायचा होता. माझी सगळी विद्या तिथे उभ्या उभ्या बिनकामाची झाली.

बापूकाकांनी मागे बघितलं, पुढे बघितलं. उपरणं कमरेला घट्ट बांधलं आणि केबिनच्या दारापाशी गेले. रामवीरचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, काहीतरी चुकलं, आता ट्रॅक्टर.

“रामवीर, इंजन बंद करो,” काका म्हणाले.

“काकाजी, चल तो रही है! एक बार भी नहीं अटकी!”

“वही तो. बंद करो. इथून पुढे आम्ही नेतो. और सुनो, अगले साल भी यहाँ बंद ही रखना.”

मी पुढे धावलो. माझं डोकं मेकॅनिकचं. रस्ता सपाट आहे, ब्रेकच्या टाकीत हवा भरलेली आहे, तेवढी पुरेल, पण स्टिअरिंग दगडासारखं जड होणार. हे सगळं मी रामवीरला सांगत होतो. तो ऐकतच नव्हता. त्याने चावी बंद केली, जड स्टिअरिंग दोन्ही हातांनी कवटाळलं, आणि भरल्या डोळ्यांनी मला आरोळी ठोकली, “उस्ताद! सुने का? काकाजी अगले साल कह रहे हैं! अगले साल!”

इंजिन बंद होतं, म्हणून ती अख्ख्या बाड्याला ऐकू गेली.